पुंजारामचं बिनपाण्याचं इंजिन

सायखेड्यात कुणालाही विचारलं असतं, की पुंजाराम गांगुर्डे कशाला भितो, तर उत्तर ठरलेलं होतं. सापाला भीत नाही. नदीच्या पुराला भीत नाही. बायकोला भितो, पण ते काय, सगळेच भितात. पुंजाराम भितो तो गरम इंजिनाला.

आता ज्या माणसाची भाकरीच इंजिनावर, त्यानं इंजिनाला भ्यावं म्हणजे पुजाऱ्यानं घंटेला भिण्यासारखं झालं. पण त्यामागं कारण होतं. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला गोदावरीच्या काठावर सोसायटीनं उसासाठी मोठं डिझेल इंजिन बसवलं आणि पुंजारामला त्याच्यावर नेमलं. ते इंजिन नदीचं पाणी वर मळ्यांना चढवायचं आणि त्यातलंच थोडं स्वतःच्या अंगात खेळवायचं, गार राहायला. अंगातून फिरलेलं पाणी एका बारीक नळीतून पुन्हा बाहेर पडायचं. पुंजारामचं खरं काम म्हणजे त्या नळीखाली अधूनमधून तळहात धरणं. पाणी कोमट लागलं, तर सगळं ठीक. चटका बसला, तर कुठंतरी बिघडलं.

एका चैत्रात नदी आटत आली होती. पुंजाराम बाभळीखाली भाकरी सोडून बसला होता. पहिला घास तोंडात असतानाच त्याला वाटलं, इंजिनाचा आवाज जरा जड झालाय. दुसरा घास घेईस्तोवर ते कण्हायला लागलं. तो उठून धावला, तर नळी कोरडी! पाणी ओढणाऱ्या पाइपात एक भलीमोठी वाम मासळी जाऊन अडकली होती आणि इंजिनाच्या अंगात थेंब उरला नव्हता. पुंजाराम हात लावणार एवढ्यात इंजिनानं एक खोल उसासा टाकला आणि ते जागच्या जागी अडकून बसलं. मग अशी शांतता पसरली, की पलीकडच्या काठावर परीट धुणं आपटत होता ते ह्या काठावर ऐकू आलं.

सोसायटीचे चेअरमन आले. त्यांनी इंजिनाकडं पाहिलं, वामेकडं पाहिलं, पुंजारामकडं पाहिलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर पुंजाराम मोकळा झाला असता. न दिलेल्या शिव्या त्याच्या पोटात तशाच राहिल्या. इंजिन बैलगाडीत घालून नाशिकला गेलं आणि दुरुस्त होऊन आलं. पुंजारामची भीती दुरुस्त करणारा मिस्त्री नाशकात नव्हता.

तेव्हापासून हा माणूस जगातल्या प्रत्येक इंजिनाची काळजी वाहू लागला. एस्टीत चढण्याआधी ड्रायव्हरला विचारायचा, "पाणी पाह्यलं का?" पहिल्यांदा ड्रायव्हर चिडले. पुढं पुढं ते लांबूनच ओरडायचे, "पाह्यलं, पुंजाराम, पाह्यलं! चढ आता!" तरी हा खिडकीशी बसून नाक उंचावून वास घेत राहायचा. बाजूच्या माणसाला वाटायचं, आपल्याच अंगाला काही वास येतोय.

पुढं काठावर वीज आली आणि डिझेल इंजिन जाऊन मोटर बसली. पुंजाराम मोटरीचं बटण दाबणारा झाला. आता हा सुखानं जगेल असं कुसाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं. पण सुख त्याच्या दाराशी आलं ते राजदूत मोटरसायकलवर बसून. कुसाबाईचा भाऊ गोरक्ष ओझरला कारखान्यात कामाला होता. त्यानं नवी स्कूटर घेतली आणि जुनी राजदूत मोठ्या मनानं बहिणीच्या घरी आणून उभी केली.

पुंजारामनं गाडीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. मग खाली बसून इंजिनाच्या पोटाखालून डोकावून पाहिलं.

"काय शोधताय, दाजी?"

"पाणी कुठून घालायचं?"

"पाणी? ह्याला पाणी लागत नाय."

पुंजारामचा चेहरा पडला. एखाद्यानं आपलं मूल जेवतच नाही असं सांगावं, तसं त्याला वाटलं. "मंग गार कशानं व्हतं?"

"हवेनं. ह्या कडा दिसत्यात ना इंजिनाला, पाकळ्यांसारख्या? त्यांच्यातून वारं जातं आन् इंजिन गार ऱ्हातं."

"चैतात वारंच गरम आसतंय. गरम वाऱ्यानं गार कसं व्हईल?"

"इंजिनापरीस वारं गारच की, दाजी."

"आन् वारं पडलं मंग?"

"गाडी पळती तवा वारं आपोआप लागतं."

"आन् गाडी उभी ऱ्हायली मंग?"

"मंग इंजिन बंद करायचं!" गोरक्षच्या आवाजाला आता धार आली. "आन् एक सांगून ठेवतो, तापल्या इंजिनावर पाणी मारू नका. तडकंल. तापल्या तव्यावर तांब्या उपडा केल्यासारखं व्हईल."

पुंजारामनं मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं. नदीचं पाणी कसं, डोळ्यांना दिसतं. नळीतून येतं, तळहाताला लागतं, कोमट की गरम ते सांगतं. हवेखाली तळहात कुठं धरायचा? ज्याची तपासणीच करता येत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणजे हे इंजिन चक्क वाऱ्यावर सोडलेलं! गोरक्ष गेल्यावर तो कुसाबाईला म्हणाला, "तुझ्या भावानं मला मारायची सोय केली."

पण गाडी दारात उभी, आणि अख्खा गाव विचारतोय, "काय पुंजाराम, चालवतो का नुसता पुजतो?" तेव्हा पुंजारामनं एक तोड काढली. पाणी मारायचं नाही ना? मग नको. पण रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलं की आतलं पाणी कसं गार पडतं? आग्रा रोडवरचे ड्रायव्हर उन्हाळ्यात इंजिनाच्या पंपावर ओलं फडकं बांधतात, हे तर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यानं एक गोणपाट नदीत भिजवलं, पिळलं, आणि इंजिनाला पोटाशी धरल्यासारखं गुंडाळून तारेनं आवळलं. पाकळ्या, कडा, सगळं झाकून गेलं. वाऱ्याला शिरायला फट म्हणून राहिली नाही. पुंजाराम मागं सरकून पाहत राहिला. त्याला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

आणि गंमत अशी, की ते चाललं! कारण पुंजाराम जायचा कुठं, तर चांदोरीपर्यंत. गोणपाट वाळायच्या आत गाडी परत दारात. आल्याबरोबर पुन्हा त्याच्यावर पाणी शिंपडायचं. दोन वर्षं राजदूत अशी ओल्या लंगोटात फिरली. गोरक्ष एकदा आला आणि त्यानं ते पाहून कपाळावर हात मारून घेतला, तर पुंजाराम म्हणाला, "आजून तडकलं का? नाय ना?" ह्यावर कारखान्यातला माणूस काय बोलणार!

हे असंच चांदोरी ते सायखेडा करत आयुष्य गेलं असतं. पण कुसाबाईची मुलाखत निघाली.

गावोगाव नव्या अंगणवाड्या निघत होत्या आणि त्यासाठी शिकलेल्या बायका हव्या होत्या. कुसाबाई सातवी पास. लग्नाआधी तिला शाळेत शिकवायची फार हौस होती. लग्नानंतर ती हौस तिनं शेजारपाजारच्या पोरांवर भागवली. ओट्यावर बसवून त्यांना गाणी म्हणायला लावायची, नाकं पुसायची, नखं कापायची. नाशकाहून मुलाखतीचा सांगावा आला तेव्हा तिनं घरात सांगून टाकलं, "ह्या खेपेला नाय जमलं, तर मंग कधीच नाय. पुढच्या खेपेला वय बसत नाय माझं." एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला बसली, पण त्या दिवशी एकही भाकरी गोल झाली नाही.

मुलाखतीच्या सकाळी ती जावेची पाचवारी नेसून फाट्यावर उभी राहिली. नऊवारीची सवय, त्यामुळं पाचवारीत तिला आपण अर्धवट नेसलोय असं वाटत होतं. ते दिवस लग्नसराईचे. नाशकाची एस्टी कुणाच्या तरी वऱ्हाडाला गेली होती. दुसरी येईस्तोवर मुलाखत उरकली असती.

कुसाबाई घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "काढा गाडी."

पुंजारामच्या हातातली बशी कलंडली. "नाशकाला?"

"नाय, काशीला! आवं, काढा म्हणते ना!"

"अगं, लय लांब हाय ते. गोणपाट वाळंल."

"मंग पाणी घ्या संगं."

त्यानं पाण्याचा कॅन भरला. तो मांडीवर, त्यावर दाखल्यांची पिशवी, अशी कुसाबाई मागं एका अंगानं बसली आणि गाडी निघाली. पुंजाराम इतकी हळू गाडी चालवत होता, की म्हातारे बैलसुद्धा तसे चालत नाहीत. हळू चाललं तर इंजिन कमी तापेल, असा त्याचा हिशेब. मागं कुसाबाई उत्तरं घोकत होती, "बालकास सकस आहार द्यावा. मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या..."

"वास येतोय का गं?"

"नाय. गूळ-शेंगदाणे..."

"धूर दिसतो का?"

"पुढं बघा!"

चांदोरीला उतरून त्यानं गोणपाटावर पाणी सोडलं. चर्र झालं, वाफ उठली. कुसाबाईच्या पातळाच्या काठावर गंजकट पाणी उडलं. तिनं ते पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि म्हणाली, "आता नाशिक येईस्तोवर थांबायचं नाय."

"ओढ्याला फकस्त एकदा..."

"नाय म्हणजे नाय."

ओढा गाव आलं आणि गेलं. पुंजारामच्या मांड्यांना खालून आच लागत होती. तो मान वाकवून पाहत होता. गोणपाट कडेनं पांढुरकं पडत चाललं होतं. तोंडाला कोरड पडली. आपलंच पाणी आटतंय असं त्याला वाटायला लागलं. मागून आवाज चालूच, "लसीकरण वेळेवर करून घ्यावं..." मग तो वास आला. आधी जळक्या सुतळीचा. त्यात मिसळत गेलेला तापल्या तेलाचा. पाठोपाठ इंजिनाचा आवाज जड झाला, आणि पुंजारामला ती बाभळ, ती भाकरी, ती कोरडी नळी, सगळं एकदम आठवलं. "कुसा..." एवढंच तो म्हणाला. पुढच्याच क्षणी मागचं चाक करकचून आवळलं, गाडी फरफटत रस्त्याच्या कडेला गेली आणि एका लिंबाखाली उभी राहिली. आवाज बंद. नुसतं टिक टिक करत तापलेलं लोखंड, आणि गोणपाटातून वर चढणारा धूर.

पुंजाराम खाली उतरला आणि तिथंच मातीत बसला. "आडकलं," तो म्हणाला. "संपलं. गेलं इंजिन."

"नाशिक किती लांब हाय?"

"गेलं गं इंजिन!"

"इंजिनाला ऱ्हाऊ द्या. नाशिक किती लांब?"

कुसाबाईनं धुमसणाऱ्या गोणपाटाकडं पाहिलं. ठिणगी पडली तर जावेचं पातळ गेलं, आणि जाऊ तर जन्मभर ऐकवेल. तिनं एक वाळकी फांदी घेतली, तार उचकटली, आणि ते जळकं गोणपाट ओढून खेचून रस्त्याकडेच्या चारीत भिरकावलं. त्यात तिच्या तोंडावर काजळी बसली ती बसलीच. आरशाची वाण असली तरी बाईमाणसाला ते कळतं. तिनं कॅन उचलला, बूच काढलं आणि खळखळून तोंड धुतलं.

पुंजाराम ताडकन उठला. "अगं, अगं! इंजिनाचं पाणी हाय ते!"

"मुलाखत इंजिनाची हाय का माझी?"

तोंड झालं, हात झाले, पाय झाले. मग तिनं पातळाचा काठ धुतला, पिळला, झटकला. उरलेलं पाणी कॅन उंच धरून घटाघटा प्यायली आणि शेवटचे दोन घोट नवऱ्यापुढं धरले. "प्या. तोंड बघा कसं झालंय."

पुंजाराम ते पाणी प्यायला. पिताना त्याला वाटलं, आता काही म्हणजे काहीच उरलं नाही.

रस्त्यानं एक कांद्याचा ट्रक गेला, थांबला नाही. एक बैलगाडी आली, पण ती उलट्या दिशेची. शेतांवरून कोरडा वारा सुटला होता, लिंबाचा पाला अंगावर पडत होता. उघडंवाघडं इंजिन त्या वाऱ्यात उभं होतं. आतला पिस्टन उष्णतेनं फुगून अडकला होता, तो गार झाला की सुटतो, हे गोरक्षला ठाऊक होतं. पण गोरक्ष ओझरला. पुंजारामला फक्त एवढंच माहीत होतं, की अडकलेलं इंजिन बैलगाडीतून घरी जातं.

"एकदा किक मारून बघा," कुसाबाई म्हणाली.

"नको."

"का नको?"

पुंजाराम किककडं बघत राहिला. किक मारली आणि हलली नाही, तर इंजिन मेलं. जोवर मारली नाही, तोवर ते मेलं असं कुठंय? ती आशा त्याला घालवायची नव्हती. "नको गं," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चेअरमन काय बोलले नव्हते तवा. तू तरी बोल काय बोलायचं ते."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, वामेची गोष्ट कुसाबाईनं हजारदा ऐकली होती, पण चेअरमन काही बोलले नव्हते ही गोष्ट तिनं आज पहिल्यांदा ऐकली. "घरी गेल्यावर बोलते," ती म्हणाली. "पोटभर बोलते. आता येळ नाय." तिनं चप्पल काढली, पातळ खोचलं आणि किकवर पाय ठेवला.

"कुसा, नको!"

तिनं अंगाचा भार टाकला. किक खाली गेली.

पुंजाराम तोंड उघडं टाकून पाहत राहिला. तिनं पाय उचलला, किक वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा गेली. मग तिला बाजूला सारून त्यानं स्वतः मारली. एकदा, दोनदा, आणि निळा धूर सोडत गाडी सुरू झाली. पुंजारामच्या छातीत गाडीपेक्षा मोठा आवाज होत होता.

"बसा लवकर," कुसाबाई म्हणाली, जणू गाडी तीच चालवणार होती. "आन् आता पळवा."

"पाणी नाय, कुसा. गोणपाट नाय. काय काय नाय."

"माझ्याकडं येळ नाय, ते बघा! पळवा!"

पुंजारामनं पळवली. भीती इतकी झाली होती, की अजून थोडी वाढल्यानं काही फरक पडत नव्हता. शिलापूर मागं पडलं, माडसांगवी मागं पडली. वारा शर्टात शिरून पाठीशी फुगा करत होता, डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. आणि इंजिन गुणगुणत होतं. न कण्हता, न जड होता, एका सुरात. ह्याचीच पुंजारामला जास्त भीती वाटत होती. बिघडत का नाही? आता बिघडेल. त्या वडापाशी नक्की बिघडेल. वड गेला. नांदूर नाक्याला बिघडेल. नाका गेला. नाशकाच्या गर्दीत शिरताना एका टांगेवाल्यानं त्याला शिवी हासडली, तेव्हा कुठं त्याला आपण जिवंत असल्याची खात्री पटली.

जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांशी गाडी थांबली तेव्हा आतून शिपाई हाका मारत होता. कुसाबाई वळूनही न पाहता पळत आत गेली. पाचवारीची सवय तिला तेवढ्या पंधरा-वीस पायऱ्यांत झाली.

पुंजाराम आवारात गाडीजवळ उभा राहिला. आता भ्यायला इंजिनही उरलं नव्हतं, ते निवांत होतं. त्यामुळं सगळी भीती आतल्या खोलीकडं वळली. उशीर झाला म्हणून परत पाठवतील. काठ ओला आहे म्हणून हसतील. आहाराचं उत्तर तिला वाटेत दोनदा तोडावं लागलं होतं, ते त्याच्यामुळं. तिची ही नोकरी गेली, तर ती आपल्या गोणपाटापायी जाईल. आणि कुसाही काही न बोलता घरात वावरेल, चेअरमनसारखी.

किती तरी वेळानं ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय इचारलं?"

"एक बाई व्हत्या, दोन सायब व्हते. बाईनं इचारलं, अंगणवाडीत एखाद्या लेकराला उन्हाचा ताप चढला, डॉक्टर नाय, गाडी नाय, तर आधी काय कराल?"

"मंग? तू काय सांगितलं?"

"म्हणलं, आधी त्याच्या बापाला लांब बसवीन."

पुंजारामनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"हसले ना सगळे! सायब तर खोकायलाच लागले. मंग म्हणलं, अंगावरची कापडं सैल करीन, सावलीत नेईन, वारं लागू देईन, घोटघोट पाणी पाजीन." मग तिचा चेहरा हळूहळू खुलला. "एक तारखेपासून या म्हणल्या."

पुंजारामनं उगीचच गाडीच्या सीटवरची धूळ पुसली, मग पुन्हा पुसली.

"पण आपलं गाव नाय दिलं," कुसाबाई म्हणाली. "नदीपलीकडं दिलंय. एस्टी जात नाय तिकडं."

"मंग जाशील कशी?"

"तुम्ही सोडणार."

"रोज?"

"रोज."

"आन् परत?"

"परत बी तुम्हीच आणणार. लेकरं काय मला घरी सोडाया येणार हायेत का?"

पुंजारामनं गाडीकडं पाहिलं. मग बायकोकडं. काठ वाळत आला होता, केस वाऱ्यानं विस्कटले होते, आणि एवढ्या वर्षांत त्यानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यानं भीत भीत विचारलं, "रईवारी तरी सुट्टी आसती ना?"